रांग उठेपर्यंत

ब्लाउजचं माप देताना बाया हात वर करून उभ्या असतात आणि नेमकं तेव्हाच विचारतात, "ताई, तुम्ही ख्रिश्चन झालात का?" मी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात म्हणून त्या वेळी सुटते. चर्चमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो, "बाप्तिस्मा कधी घेताय?" तिथे तोंडात टाचण्या नसतात. पंधरा वर्षं दोन्हीकडं हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाच सांगते. मग पुन्हा विचारू नका.

गावाचं नाव घेत नाही, कारण आमच्या गावात तसलं जुनं चर्च एकच आहे आणि मला पुढच्या रविवारी तिथंच जायचंय.

"किती मिळाले?" असं विचारणाऱ्यांचं आधी उरकते. मिळाले नाहीत, जातात. दर रविवारी थैलीत वीस-तीस रुपये, नाताळाला वेगळे, कुणाच्या मयतीला वेगळे. क्वायरचे झगे शिवून दिले त्याची शिलाई अजून यायची आहे.

२००९ साली मी सात वर्षांच्या पोरीला घेऊन या गावात आले. का आले ते तुम्हाला माहीत आहे. विधवा असते तर खोली मिळाली असती. नवरा जिवंत असताना एकटी राहणारी बाई कुणाला नको असते. चार ठिकाणी नकार मिळाल्यावर मिशन कंपाउंडमधल्या एका निवृत्त नर्सबाईनं मागची खोली दिली. सहाशे रुपये भाडं, पाणी एक दिवसाआड. तिला सगळं कंपाउंड आजी म्हणतं. तिचं मूळ घराणं जालन्याजवळच्या बेथेलचं, ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या वस्तीतलं. हे ती ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगते, जसे आमच्याकडं देशमुख वाडा सांगतात.

चर्चात मी धर्मासाठी गेले नाही. अभंगासाठी गेले. रविवारी सकाळी मशीन चालवत बसले होते. भिंतीपलीकडं पेटी वाजली आणि ओव्या-अभंगाच्या वळणाचं काहीतरी सुरू झालं. माझे वडील माळकरी, आईचं माहेर जनाबाईच्या गंगाखेडचं. ती चाल कानावर पडली की माझा पाय मशीनवरून आपोआप निघतो. नंतर कळलं, ते ना. वा. टिळकांचं होतं. कोकणात जन्मलेला कवी, १८९५ साली ख्रिस्ती झाला, पण तोंडातून तुकोबा काही गेला नाही. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. कुणी ऊठ म्हटलं नाही. एका म्हातारीनं पुस्तक माझ्या मांडीवर उघडून ठेवलं आणि बोटानं ओळ दाखवली. बस, एवढंच स्वागत. मला तेवढं पुष्कळ होतं.

आता ते सांगते, जे मी कुणाला सांगत नाही.

२०१० चा ऑगस्ट, महिन्याचा पहिला रविवार. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट देतात. तोवर मी कधी भाकर-प्याल्याच्या वेळी थांबले नव्हते, शिलाईची घाई असायची. त्या दिवशी पाऊस होता म्हणून थांबले. पाळकसाहेबांनी वेदीपाशी उभं राहून 'या' म्हटलं. आमच्या घरी पंगतीला 'या' म्हटलं की उठायचं असतं, दोनदा म्हणायला लावणं वाईट दिसतं. मी पोरीचा हात धरून उठले. अस्तराच्या उरलेल्या साटीनचा फ्रॉक तिला शिवला होता, गुलाबी. कठड्याशी गुडघे टेकले. माणसं तळहातावर तळहात ठेवून ओंजळ करतात, ते पाहून तिनंही केली. तिनं माझ्याही हाताकडं बघितलं, मी बरोबर करतेय का म्हणून.

भाकरीचं ताट धरून मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, येत होते. माझ्यासमोर थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाप्तिस्मा झालाय का?" मी मान हलवली. ते पुढं सरकले. ओरडले नाहीत, अपमान करावा असं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी आज सांगू शकते. त्या दिवशी सांगू शकले नसते. मागून पाळकसाहेब प्याला घेऊन आले. पोरीची ओंजळ तशीच होती, तिनं खाली घेतलीच नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि गेले.

आणि मग वाट बघायची. तिथे अशी पद्धत आहे की गुडघे टेकलेली रांग सगळी मिळून उठते. मधूनच उठून जाता येत नाही. डावीकडं सात माणसं होती, उजवीकडं पाच. प्रत्येकाला भाकर, प्रत्येकाला प्याला. ती बारा माणसं संपेपर्यंत मी आणि माझी लेक रिकाम्या हातांनी गुडघ्यांवर बसलो. पाय झोपले. कठड्याच्या लाकडाला रंगाचे तीन थर होते आणि सगळ्यात खालचा हिरवा, एवढं मला आजही आठवतं. परत बाकाकडं जाताना दोन बायांनी नजर खाली घातली. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "आई, आपल्यापर्यंत येईस्तोवर संपलं होतं का?"

मी म्हटलं, "हो, संपलं."

संध्याकाळी आजी वरणफळांचा डबा घेऊन आली. मला वाटलं समजूत काढायला आली. कशाचं काय! दारातूनच सुरू झाली, "कामून गेलीस गं पुढं? इचारायचं नाय का मला? आमच्या पोरांना तरी कुठं मिळतं? चौदा-पंधरा वर्साचे व्हतेत, दृढीकरण व्हतं, तवा." दृढीकरण हा कळत्या वयात बाप्तिस्मा पक्का करायचा विधी. म्हणजे माझी लेक तिथे जन्मली असती तरी तिला त्या वयात मिळालं नसतं. हे खरं आहे आणि माझ्या दुःखातली हवा काढून घेणारं आहे. पण मला मिळालं असतं ना. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, आमच्याकडं सप्ताहाच्या शेवटी काला होतो, तिथे कुणी कुणाला दाखला विचारत नाही, ज्याचा हात पुढं आला त्याच्या हातावर लाह्या-दही पडतं. तुमचा देव आमच्या काल्याइतकाही मोठा नाही का?

मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आजी शांतपणे डबा उघडून म्हणाली, "तुझ्या गावच्या काल्याला माझी माय कुठं बसली असती?"

ती वाक्यं पंधरा वर्षं माझ्याजवळ आहेत, तिचंही आणि माझंही. मी लहान असताना आमच्या गावच्या सप्ताहात काला सगळ्यांना मिळायचा, खरंय. पण कुणाच्या हातून कुणाच्या हातावर किती उंचीवरून पडायचा, हे ठरलेलं होतं. मी ते पाहिलेलं आहे. मी पाटलाच्या घरातली, मला कधी खालच्या बाजूनं बघावं लागलं नाही, एवढाच फरक.

चौदा रविवार मी गेले नाही. त्या चौदा आठवड्यांत माझ्याकडं कंपाउंडमधली शिलाई मात्र अचानक वाढली. ज्या कधी आल्या नव्हत्या त्या बाया फॉल-पिकोला साड्या आणून टाकायला लागल्या. रविवारचा विषय कुणी काढायचं नाही. चहा घ्यायच्या, पोरीचा अभ्यास विचारायच्या, जायच्या. एकीनं आणलेल्या साडीला फॉलचे जुने टाके उसवल्याच्या खुणा दिसत होत्या, ताज्या. चांगला लागलेला फॉल काढून तिनं पुन्हा लावायला आणला होता. नजर खाली घालणाऱ्या दोघींपैकी ती एक.

नोव्हेंबरात हंगामाचा सण आला. शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, भोपळे लोक देवापुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माझ्याकडं शेत कुठलं? चिंध्यांची गोधडी शिवून आजीच्या हाती पाठवली. आजी म्हणाली, "मी हमाल न्हाई, सोता ने." गेले. गोधडीची बोली दोनशेपासून सुरू झाली आणि आजी व ते ताटवाले वडील यांच्यात लागली. साडेअकराशेला वडिलांनी घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल, पण रागही आला. दोन शब्द तोंडानं बोलायचे होते त्याचे तुम्ही साडेअकराशे मोजलेत, असं वाटलं. ते आता नाहीत, त्यामुळं हे भांडण माझं मलाच करावं लागतं.

तेव्हापासून जातेय. मग २०१५ साली मार्चमध्ये, बायकांच्या प्रार्थना दिनाला, मला साक्ष द्यायला उभं केलं. मी माईकवर म्हणाले, "पहिल्या दिवसापासून या मंडळीनं मला परकं मानलं नाही." ते स्मरणिकेत छापून आलं, फोटोसकट. आता कुणी नवीन माणूस आला की त्याला ते पान दाखवतात. ती माईकवरची बाई खोटी नव्हती, तिला आभार मानायची घाई होती. ती ऑगस्टची गोष्ट गिळून बोलली. ती समोर आली तर मी तिला विचारीन, कुणाला वाचवत होतीस? ती म्हणेल, त्यांना. आणि मला ते पटणार नाही. बहुतेक ती स्वतःला वाचवत होती. ज्या घरात राहायचं त्या घराची उणीदुणी काढायची नाहीत, हे आम्हा बायकांना सासरीच शिकवलेलं असतं.

मग घेत का नाही बाप्तिस्मा? एका पाळकसाहेबांशी मी यावर वाद घातला होता. पैठणच्या नाथांची गोष्ट सांगितली. श्राद्धाचं जेवण त्यांनी ज्यांना शिवायचं नाही त्यांना आधी वाढलं, पितर वगैरे मागून बघू म्हणाले. तर तुम्हीही वाढा. पाळकसाहेब हुशार. म्हणाले, "ताई, नाथांनी जेवण वाढलं. हे नुसतं जेवण नाही, करार आहे." मी म्हटलं, करार मी एकदा केलाय, अग्नीभोवती सात पावलं टाकून, चारशे माणसांसमोर. त्याचं काय झालं ते तालुक्याला ठाऊक आहे. त्यावर ते गप्प झाले. जाताना एवढंच म्हणाले, "लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यामागून पाच वर्षं घेतली. तुम्ही त्यांना मागं टाकलंत."

हे माझं खरं कारण आहे असं मी मानत आले. पण दुसरंही आहे, तेही सांगते. या मंडळीतल्या लोकांनी या नावाची किंमत मोजली आहे. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली, १९५६ ला शीख त्यात आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. आजीचा भाचा इकडं ओबीसीच्या रांगेत, त्याचा चुलतभाऊ बौद्ध म्हणून एससीच्या रांगेत, आजा दोघांचा एकच. काही जण त्यापायी कागदावर एक आणि रविवारी एक असं जगतात, आणि त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. मी मात्र काहीही न मोजता तिसऱ्या बाकावर बसते. वर सुरुवातीला मला 'पाटलीणबाई' म्हणून खुर्ची द्यायचे, आणि ती मी घेत होते. बाप्तिस्मा झालाय का, हा प्रश्न त्या वडिलांनी मला विचारला तेव्हा त्यात हेही असेल. तुम्ही काय ठेवून आलात, बाई?

२०२३ ला अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, घरोघर कुणबी नोंदी शोधायला लागले. तेव्हा कित्येक वर्षांनी भावाचा फोन आला. "वंशावळ काढायलोय. तुझं नाव त्यात यायलंय. तू तिकडं नाव तर लावलं नाहीस ना?" माहेरी माझं नाव लागलं याचाच मला इतका आनंद झाला की मी "नाही रे" म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लाज वाटली. कुणाची, ते ठरवता आलं नाही.

लेक आता पुण्यात नर्सिंग करते. ती चर्चला जात नाही, देवळातही जात नाही. मागच्या दिवाळीला आली तेव्हा भांडी घासता घासता म्हणाली, "आई, संपलं नव्हतं. मी ताट बघितलं होतं." आठ वर्षांची पोर, तिनं तेव्हाच बघितलं होतं आणि तरी मला 'संपलं होतं का' असं विचारलं होतं. मला सोपं जावं म्हणून. मी म्हटलं, मग कशाला जाते मी तिथं, तूच सांग. ती म्हणाली, "तुला ताप आला की ते लोक येतात म्हणून." बरोबर आहे. पण फक्त तेवढंच असतं तर दवाखानाही पुरला असता.

आजी आता चौऱ्याऐंशीची. तिचा प्रश्न तुमच्यापेक्षा वाईट आहे. "मेल्यावर कुठं जाशील? आमच्या कब्रस्तानात नाव लागल्याबिगर जागा न्हाई. आन् तुझे भाऊ येतेत का जाळायला?" मी म्हणते, मेल्यावर बघू. ती म्हणते, "तवा तू कशाला बघशील, आमालाच बघावं लागंल."

सध्या असं चालतं. पहिल्या रविवारी 'या' म्हटलं की रांग उठते. मी गुडघे एका बाजूला घेते, म्हणजे बाकातून बाहेर जायला लोकांना जागा होते. जाताना आजी माझ्या खांद्याचा आधार घेते, येतानाही घेते. नवे पाळकसाहेब जूनमध्ये बदलून आले, त्यांनी अजून विचारलेलं नाही. परवा क्वायरचे दोन झगे बटणं लावायला आलेत, शनिवारपर्यंत द्यायचे आहेत.