डोंगर फुटतो तिथली पहिलीतली पोरं

जपानमधल्या कागोशिमाला आल्यापासून घरच्यांचा फोनवर एकच ठरलेला प्रश्न, "अगं पण तो डोंगर फुटला तर?" तर सांगते, तो फुटतोच. साकुराजिमा नावाचा हा ज्वालामुखी १९५५ पासून थोड्याफार खंडाने फुटतोच आहे आणि समोरच्या किनाऱ्यावर आम्ही जवळपास सहा लाख लोक राहतो, मधे जेमतेम ४ किलोमीटरची खाडी, फेरीबोटीने पंधरा मिनिटं. टीव्हीवर हवामान सांगताना पाऊस-तापमान झालं की डोंगरावरचा वारा आज कुठल्या दिशेला आहे तेही सांगतात, कारण राख तिकडेच जाते, आणि कपडे बाहेर वाळत घालायचे की घरात ते त्यावर ठरतं.

पण आज लिहायचंय ते इथे लहान मुलांना ज्वालामुखी कसा कळतो त्याबद्दल. माझी लेक पहिलीत आहे. इथली पोरं आधी काय करायचं ते शिकतात, का ते नंतर. राख पडायला लागली की डोळे चोळायचे नाहीत, पाण्याने धुवायचे. घरासमोरची राख झाडून महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत भरायची आणि ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी राहणारी मुलं तर शाळेत हेल्मेट घालून जातात, रस्त्याच्या कडेला काँक्रीटचे निवारे बांधलेत, वरून दगड आले तर आत पळायला. मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) वगैरे शब्द यायच्या कितीतरी आधी हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. मला हा क्रम एकदम पटतो. चित्रातसुद्धा फरक दिसतो बघा, आपण त्रिकोण काढून त्यातून लालभडक ओघळ काढायचो, ही पोरं करडा धूर काढतात आणि तोही एका बाजूला कललेला, कारण वारा.

आता तो खायचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग, जो ज्वालामुखी दाखवायला जगभर सगळे करतात. फेस येतो, पोरं ओरडतात, मजा येते हे मान्य, पण ज्वालामुखी तसा फुटत नाही ना! दोन पदार्थ एकत्र आले म्हणून स्फोट झाला असं मुलाच्या डोक्यात बसतं आणि ते पुढे निघता निघत नाही. त्यापेक्षा सोडावॉटरची बंद बाटली द्या हातात. बंद असताना आत बुडबुडे दिसत नाहीत, वायू दाबाखाली पाण्यात विरघळून बसलेला असतो, झाकण सैल केलं की दाब उतरतो आणि बुडबुडे धडाधड बाहेर. मॅग्मात मुख्यतः पाण्याची वाफ अशीच विरघळलेली असते, मॅग्मा वर वर आला की दाब कमी होतो, वायू सुटतो, फुगतो आणि सगळ्याला वर ढकलतो. मग मॅग्मा पातळ असेल तर वायू सहज निघून जातो आणि लाव्हा नुसता वाहतो, हवाईत बऱ्याचदा होतं तसं, पण चिकट असेल तर वायू आत अडकून दाब वाढत जातो आणि मग धडाम्. आमचा डोंगर बराचसा या दुसऱ्या जातीचा. पहिलीतल्या पोरीला एवढं समजतं, खरंच समजतं.

आणि राख. ती काही जळून झालेली नसते, हे मला स्वतःलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मॅग्मातला वायू सुटताना मॅग्माच्याच ठिकऱ्या उडतात, गार होऊन काचेचे बारीक कण होतात, त्यात खडकाचा चुरा. म्हणून तर डोळे चोळायचे नाहीत. एका वाडग्यात राख घ्यायची, पाणी घालून बोटाने चोळायची, गढूळ पाणी ओतून टाकायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत, आणि तळाशी उरेल ते वाळवून भिंगाखाली बघायचं. चमकणारे स्फटिक दिसतात, काही पांढरे, काही काळपट. आमच्याकडे कच्च्या मालाची कमी नाही त्यामुळे लेकीचं हे चालूच असतं, बाथरूमचं काय होतं ते विचारू नका.

बाकी खाडीची गोष्ट मुलांना फार आवडते. खाडीचा उत्तरेकडचा भाग म्हणजेच साधारण ३० हजार वर्षांपूर्वीच्या एका महाभयंकर उद्रेकानंतर जमीन खचून झालेला खड्डा आहे, आणि साकुराजिमा त्याच्या काठावर नंतर उगवलेलं पिल्लू. १९१४ पर्यंत ते बेट होतं. त्या जानेवारीत इतका लाव्हा आला की मधली सुमारे ४०० मीटर रुंदीची सामुद्रधुनी बुजली आणि बेट आमच्या विरुद्ध बाजूच्या जमिनीला जोडलं गेलं. साकुराजिमावरच्या कुरोकामी गावात देवळाची ३ मीटर उंचीची कमान राखेत गाडली गेली ती मुद्दाम तशीच ठेवलीय, वरचा मीटरभर भागच दिसतो, पोरं शेजारी उभं राहून उंची मोजतात.

१९१४ च्या त्या उद्रेकाआधी भूकंपाचे धक्के बसत होते, विहिरींचं पाणी बदललं होतं, लोकांनी वेधशाळेला विचारलं तर उत्तर आलं की साकुराजिमा फुटणार नाही. विश्वास ठेवून थांबलेले काही जण जिवाला मुकले. १९२४ मध्ये गावाने एक शिळा उभारली, तिच्यावर लिहिलंय की रहिवाशांनी सिद्धांतावर भरवसा ठेवू नये, लक्षणं दिसली की आधीच निघायच्या तयारीला लागावं. आणि ही शिळा उभी केली कुठे, तर प्राथमिक शाळेच्या आवारात! आता उपकरणं कितीतरी सुधारलीत, २०२२ च्या जुलैत इशारा थेट सगळ्यात वरच्या पातळी ५ वर नेला तेव्हा डोंगराजवळच्या काही वस्त्यांना बाहेर काढलं होतं, तरी साकुराजिमावरची माणसं गाव रिकामं करायची तालीम दरवर्षी करतातच.