तुम्ही विचारलंत म्हणून : वाळ्याला वास का नाही?

कुंपणालगतच्या वाळ्याच्या ठोंबातलं एखादं पातं तोडायचं, बोटांत चुरगळायचं, हुंगायचं आणि मग माझ्याकडे संशयाने बघायचं, हे आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे करतात. "हा वाळाच ना? मग वास कुठाय?" गवती चहाची सवय, दुसरं काय!

वाळ्याचा वास पात्यात नसतोच, तो मुळ्यांत असतो. आणि मुळ्या हव्या तर ठोंब उपटावा लागतो. मी तो उपटत नाही, कारण माझा वाळा माती धरायला लावलाय. इकडे दौंडच्या बाजूला पाऊस मुळात कमी, पण एखादा वळीव असा कोसळतो की उतारावरची माती थेट रस्त्यावर. वाळ्याच्या मुळ्या आजूबाजूला फारशा पसरत नाहीत, सरळ खाली जातात. जमीन भुसभुशीत असेल तर 3 मीटरपर्यंतसुद्धा. म्हणून मे महिन्यात वरची पाती करपली तरी गड्डा जिवंत राहतो. 1980च्या दशकात जागतिक बँकेने मृदसंधारणासाठी या गवताचा भारतात बराच प्रचार केला. कर्नाटकात गुंडलूपेटकडचे शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत होते.

लावायला सोपा आहे. जून-जुलैत ठोंब फोडायचा, दोन-तीन फुटव्यांची जुडी घ्यायची, पाती वीतभर ठेवून छाटायची आणि उताराला आडव्या ओळीत जवळजवळ लावायची. पहिला उन्हाळा तेवढं पाणी द्या. झाडाखाली लावू नका, सावलीत तो खुरटतो. शेजाऱ्यांना तण माजण्याची धास्ती असते. पण दक्षिणेकडे लागवडीत असलेल्या वाळ्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. उत्तरेकडच्या रानटी वाळ्याला धरतं, तेव्हा रोप घेताना एवढं विचारून घ्या.

बरं, माठातल्या पाण्याला वास हवाच असेल, तर त्यासाठी वेगळा ठोंब ठेवा. जुन्या पोत्यात निम्मी वाळू, निम्मी माती भरून त्यात लावा. दीडेक वर्षाने पोतं फाडलं की मुळ्या न तुटता मिळतात. धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. वरचे फुटवे फेकू नका, गड्ड्यासकट लावले की पुन्हा धरतात.