दरी दिसली नाही तो दिवस

मी टूर मॅनेजर आहे. ग्रँड कॅन्यनच्या दिवशी मला फारसं काम नसतं. लोक कठड्यापाशी जातात, दोन मिनिटं गप्प होतात आणि मग फोटो सुरू. दीड किलोमीटर खोल दरीपुढे माझं भाषण कोण ऐकणार?

त्या नोव्हेंबरात मात्र आदल्या रात्री बर्फ पडला होता. सकाळी साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, उतरलो तर वर लख्ख निळं आकाश आणि खाली दरी काठोकाठ ढगाने भरलेली. थंडीत वादळ सरलं की गार, ओलसर हवा दरीत कोंडते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि ढग आतच अडकतो. हा देखावा क्वचित दिसतो, हे मी कौतुकाने सांगितलं. ठाण्याच्या एक काकू म्हणाल्या, "अहो, ढग आम्ही माळशेजला बघतो. त्याला एवढे पैसे कशाला?" त्यांचं काय चुकलं?

संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. मग सगळ्यांना 'ट्रेल ऑफ टाइम'वर नेलं. यावापाई संग्रहालयापासून गावाकडे जाणारी ही फरसबंद वाट. तिच्यावर 1 मीटर म्हणजे 10 लाख वर्षं. मीटरामीटरावर धातूच्या खुणा. कोलोरॅडो नदीने आजची दरी ज्या 50-60 लाख वर्षांत कोरली असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, ती पहिल्या पाच-सहा मीटरांतच संपतात. सह्याद्रीचा लाव्हा यायचा तो 66व्या खुणेजवळ. पायाखालच्या काठाचा काइबाब चुनखडक 270वर. त्या त्या वयाचे दगड दरीतून आणून वाटेवर मांडलेत, त्यांना हात लावता येतो.

निम्मे लोक कॉफीकडे वळले. माझ्याबरोबर राहिले ते जतचे अण्णा. घरचा बोअरवेलचा धंदा, तीस-चाळीस वर्षं गाडीमागे हिंडलेले. माहितीचे फलक त्यांनी वाचलेच नाहीत. प्रत्येक दगडावर अंगठा घासायचे, नखाने कोरायचे. अकराशेव्या खुणेच्या सुमारास कार्डेनास बेसॉल्ट आला तसे थबकले. "ह्यो तर आपला काळा पाषाण!" बेसॉल्टच तो, पण 110 कोटी वर्षांचा, आपल्यापेक्षा सोळा-सतरा पट म्हातारा. "म्हणजे ह्यात बी नुसता धुरळाच निघणार," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं पाणी मिळालं तर मांजऱ्यात मिळतं." मांजऱ्या म्हणजे मऊ, सच्छिद्र पाषाण.

मग त्यांनी विचारलं, "सर, हितं एवढा बर्फ पडतोय, तर काठावर एक बी विहीर कशी दिसंना?"

इतक्या गटांना इथे आणलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कॉलेजात भूशास्त्र शिकलो होतो, ते असं कामाला आलं. म्हटलं, काइबाबला भेगा आहेत, बर्फाचं पाणी त्यांतून खाली जातं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं आणि उलटे चालत पाचशेच्या आसपासच्या दगडांपाशी गेले. हिरवट, पापुद्रे सुटणाऱ्या ब्राइट एंजल शेलवर, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकावर, अंगठा टेकवून म्हणाले, "ह्यो धरणार पाणी. ह्याच्या खाली सोडायचा न्हाई."

अगदी तेच होतं. पाणी हजारेक मीटर खाली मुरतं, या शेलपाशी अडतं आणि त्याच्या वरच्या चुनखडकातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. त्यांतला मोठा झरा, रोअरिंग स्प्रिंग्ज, पलीकडच्या नॉर्थ रिमच्या बाजूला आहे. त्याचं पाणी साधारण 20 किलोमीटरच्या पाइपलाइनने दरीतळाशी उतरतं, नदी ओलांडतं आणि पंपाने वर चढून साउथ रिमच्या नळाला येतं. लाइन 1960च्या दशकातली. 2010 पासून 85 पेक्षा जास्त वेळा फुटली आहे.

दुपारी ढग फाटला. गट धावत कठड्याकडे गेला आणि ठाण्याच्या काकूंचं समाधान झालं. अण्णांनी फोटो काढला नाही. उतारावरचा तो हिरवट पट्टा बोटाने दाखवत ते शेजारच्यांना पाणी कुठे निघत असेल ते सांगत होते. लोकही ऐकत होते, माझं कधी ऐकत नाहीत तितक्या लक्षपूर्वक.

बसमध्ये त्यांनी विचारलं, "लाइनीच्या आधी काय करत हुते?"

"बऱ्याच आधी, 1932 पर्यंत, रेल्वेच्या टाक्यांतून आणायचे, शंभरेक मैलांवरून."

अण्णा खदखदून हसले. "म्हंजी आपल्या मिरजेहून 2016ला लातूरला गेलं, तसंच की!"