चादरीत गुंडाळलेलं दही आणि अवकाशातल्या पेशी

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या रिसर्चचं संमेलन होतं आणि अवकाशात पेशी वाढवायच्या पेटीवरच्या माझ्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. सोलापुरात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी आईला फोन लावलाच. आधी "काय झालं, बरी आहेस ना" आणि मग पाच मिनिटं नुसती रडत होती. दुसऱ्या दिवशी मावश्यांचे, शेजारच्या काकूंचे मेसेज, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, डॉक्टर व्हायला गेलीस ना, मग हे अवकाशाचं काय मध्येच? म्हणून लिहायला बसले.

जर्मनीत मेडिकल शिकता शिकताच बरेच जण डॉक्टरेटचा प्रबंध करतात. मीही इथे कोलोनला लेक्चर संपलं की एका लॅबमध्ये जाते. अंतराळवीरांच्या कंबरेच्या, मांडीच्या हाडांची घनता अवकाशात महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यांनी कमी होते. असं का होतं ते पेशींमध्येच बघावं लागतं, म्हणजे पेशी जिवंत वर न्यायच्या आणि तिथे वाढवायच्या.

२०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा त्यांनीही स्नायूंच्या पेशींवरचा एक प्रयोग केला होता. मूग-मेथीला कोंब आणले ते सगळ्यांनी वाचलं, पेशींचं फार कोणी बोललं नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आईला मी दह्यावरून सांगितलं. थंडीत ती विरजण लावून पातेलं आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवते ना, ऊब सांभाळायला, तसंच हे, पण पेशींना ३७ डिग्री म्हणजे ३७च लागतात, शिवाय ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजं अन्न, त्याला आम्ही मीडियम म्हणतो. लॅबमध्ये त्यासाठी फ्रिजएवढा इनक्युबेटर असतो आणि हाताशी माणसं असतात. स्टेशनवर जागा, वीज, अंतराळवीराचा वेळ, सगळंच मोजून मिळतं. तर हे सगळं जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसवायचं, एवढंच माझं काम. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको म्हणून मीडियममध्ये हेपेस नावाचं बफर घातलं, एरवी तो गॅस सांभाळतो ती आम्लता हे सांभाळतं. मीडियम बदलायला छोटा पंप. आणि पेटीच्या आत पेटी, कारण तिकडे गळलेला थेंब खाली पडत नाही, केबिनभर तरंगत फिरतो.

पण खरा जीव खाल्ला तो बुडबुड्याने.

आजोबांना सलाईन लावलेलं तेव्हा नळीत हवा दिसली की सिस्टर टिचकी मारायच्या आणि बुडबुडा वर निघून जायचा. पण वर जायला आधी वर-खाली असं काही असावं लागतं! अवकाशात बुडबुडा जिथे अडकला तिथेच बसतो. पृथ्वीवर याची तालीम म्हणून आम्ही पेटी दोन दिशांनी सतत फिरणाऱ्या मशीनवर लावतो, म्हणजे तिच्यासाठी 'खाली' अशी एकच दिशा उरत नाही. फेब्रुवारीत बारा दिवसांनी पेटी उघडली, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशींचा दाट, एकसारखा थर, आणि मधोमध गोल मोकळी जागा, कात्रीने कापून काढल्यासारखी. तिथे बुडबुडा बसला होता, त्याच्याखालच्या पेशी कोरड्या पडून मेल्या. मी त्या दिवशी ट्राममध्ये रडले.

मग नळीत, पेशींच्या कप्प्याच्या आधीच, एक पातळ पडदा बसवला, त्यातून हवा बाहेर जाते, पाणी जात नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पंपाचा दाब त्या पडद्याला जुळवण्यात तीन महिने गेले. मेमध्ये पेटी उघडली तेव्हा थर सलग होता, एकही भोक नाही. ती स्लाइड मी किती वेळ बघत बसले होते मलाच माहीत नाही. बक्षिसापेक्षा मला तीच दुपार आठवते.

पेटी अजून वर गेलेली नाही, आधी कंपनाच्या चाचण्या, रॉकेटचे हादरे सोसतात का पेशी ते बघायचं. आईने परवा विचारलं, रात्री त्यांच्याकडे कोण बघतं गं? पेटीतल्यांकडे पंप बघतो, पण लॅबमधल्या मूळ पेशींकडे मीच, रविवारीसुद्धा. आत्ताही निघतेय, चारला त्यांचं मीडियम बदलायचंय.