पंचवीस हजारांत पतंगाच्या आकाराचा नीलम

नीलम मागितला की दुकानदार आधी रास विचारतो. मला शनीशी काही देणंघेणं नव्हतं. अंगठीसाठी खाणीतून निघालेला, पण उडवायच्या पतंगासारखा चार टोकांचा खडा हवा होता आणि खर्च २५,००० रुपयांच्या आत. पुण्यात सगळा हिशेब रत्तीचा, खडेही बहुतेक अंडाकृती. "असला आकार कोण घालतं?" असं एका काकांनी मलाच विचारलं.

जयपूरला काम निघालं, तेव्हा जोहरी बाजारातल्या गोपालजी का रास्ता या गल्लीत शिरले. इथे खडे कागदाच्या पुड्यांतून बाहेर पडतात. ग्रहासाठी घेणाऱ्याला वजन हवं, म्हणून पुष्कळ खड्यांचं पोट मुद्दाम जाड ठेवलेलं. वरून दिसतं थोडंच, पैसे मात्र पोटाचेही. त्यात नीलम हिऱ्यापेक्षा जड. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद भरतो, तेवढ्याच वजनाचा नीलम सहाच्या आसपास. मग मी वजनाआधी मापं विचारायला लागले.

पतंगाचे खडे होते, पण चपटे. वर्तमानपत्रावर धरले की मधून छापील अक्षरं दिसायची. तळाचे पैलू उथळ असले की प्रकाश परत न फिरता खालून निसटतो, आणि खड्याचा मध्य काचेसारखा पोकळ दिसतो. असे कितीही स्वस्त असले तरी बाजूला सारले.

शेवटी पसंत पडला तो पाऊण कॅरेटचा, राखाडी निळा, एका टोकाला गडद पट्टा असलेला. त्या पट्ट्यामुळेच भाव उतरला होता. भिंगाखाली त्या पट्ट्याच्या कडा सरळ, कोनात वळलेल्या दिसल्या. ज्वाळेत बनवलेल्या कृत्रिम नीलमात या रेषा वक्र असतात. मला पट्टा आवडलाच, पण भिंगावर विसंबून पैसे द्यायची माझी तयारी नव्हती. लॅबचा रिपोर्ट आल्यावरच पैसे, असं ठरवलं. व्यापाऱ्याने कुरकुर न करता मानलं. जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊच नये, असं माझं मत. रिपोर्टात आलं: नैसर्गिक, तापवल्याच्या खुणा. रंग खुलवायला तापवलेला चालतो, न तापवलेल्याचा भाव झेपणारा नव्हता. काच भरलेला किंवा बेरिलियमने रंग चढवलेला मात्र नको होता.

खडा आणि रिपोर्ट मिळून १९,००० झाले. नीलमाचा कठीणपणा दहापैकी ९ असला तरी अणकुचीदार टोकाचा टवका उडतो, म्हणून सोनाराने चारही टोकं झाकणारं बंद कोंदण सुचवलं. उरलेल्या पैशांत चांदी आणि मजुरी बसली.