मोबाइलवर कार्डाचे पैसे घेताना मी अडकलो ते नावापाशी

क्रेडिट कार्डाचे पैसे घ्यायला आता वेगळे यंत्र बाळगावे लागत नाही, हे खरे आहे. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे अगदी जवळच्या कार्डाशी बिनतारी संपर्क साधणारी सोय, असेल आणि ॲपला तो फोन चालत असेल, तर ग्राहकाने आपले कार्ड फोनला टेकवले की काम होते. आयफोनवर ही सोय 2022 साली जाहीर झाली आणि तिच्यासाठी एक्सएस किंवा त्यानंतरचे मॉडेल लागते. ॲप उतरवून घेणे, माहिती भरणे, ओळखपत्राचा फोटो देणे हे सारे मी एका बैठकीत उरकले. घोडे पेंड खाल्ले ते व्यापारी खात्याच्या पडताळणीत.

अर्ज परत आला तो 'माहिती जुळत नाही' एवढ्याच शेऱ्यासह. कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, याचा त्यात उल्लेख नव्हता. मदत केंद्राला फोन केला की प्रत्येक वेळी नवी व्यक्ती बोलायची, मला पहिल्यापासून सगळे सांगायला लावायची आणि शेवटी तीच कागदपत्रे पुन्हा अपलोड करा म्हणायची. फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसतात, अक्षरे स्वच्छ वाचता येतात, हे मी परत परत तपासून पाठवत होतो आणि तोच शेरा परत येत होता. अखेर एका कर्मचारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. नोंदणीपत्रात माझ्या व्यवसायाच्या नावातील 'अँड' अक्षरांत होते. बँकेने मात्र खाते उघडताना त्याजागी '&' हे चिन्ह घातले होते आणि शेवटचा शब्द अर्ध्यावर तोडला होता. दोन्ही नावे एकाच व्यवसायाची आहेत, असे पत्र बँकेकडून आणून दिल्यावर अर्ज मंजूर झाला. हे एक वाक्य पहिल्याच उत्तरात लिहिता आले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी नोंदणीपत्र आणि बँकेचा खातेउतारा समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. व्यवसायाचा प्रकारही नेमका निवडावा, कारण त्यावरूनच चार अंकी वर्गवारी क्रमांक ठरतो. रूट केलेला, म्हणजे मूळ सुरक्षाबंधने काढून टाकलेला, फोन अशी ॲप्स सहसा नाकारतात, हेही आधीच लक्षात घ्यावे.

प्रत्यक्ष वापरात एनएफसीचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. धातूचे कव्हर असेल तर ते काढावे आणि ॲपने खूण करेपर्यंत कार्ड हलवू देऊ नये. 'व्यवहार मंजूर' असे दिसले, तरी पैसे लगेच बँकेत येतातच असे नाही आणि नव्या व्यापाऱ्याची मोठी रक्कम कधी कधी तपासणीसाठी रोखून धरली जाते. सामानाची खरेदी त्या पैशांवर अवलंबून असेल, तर हा अवधी हिशेबात धरावा.

आणखी एक राहिले. ग्राहकाच्या कार्डाच्या हिशेबपत्रात आपले कोणते नाव छापले जाईल, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. ते ओळखीचे नसेल, तर ग्राहक महिनाअखेरीस 'हा व्यवहार माझा नाही' म्हणून बँकेकडे तक्रार करतो आणि केलेल्या कामाचा पुरावा देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.