सल्ब्युटियामिन आणि अभ्यासिकेतली स्मरणशक्ती

जळगावच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा विचारले, "मामा, सल्ब्युटियामिन घेतले की वाचलेले लक्षात राहते म्हणतात. मागवू का?" फोनवर दोन वाक्यांत त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते.

सल्ब्युटियामिन हे थायामिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, प्रयोगशाळेत घडवलेले रूप आहे. साधे थायामिन पाण्यात विरघळते आणि आतड्यातल्या वाहक प्रथिनांमार्फत शरीरात शिरते. मात्रा मोठी असली की हे वाहक अपुरे पडतात आणि बराचसा भाग शोषला न जाताच निघून जातो. जपानमध्ये पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या लोकांना बेरीबेरी, म्हणजे थायामिनच्या अभावाने होणारा आजार, होत असे, त्यामुळे ही अडचण तेथील संशोधकांना विशेष जाणवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस क्योतो येथील फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की लसणातील ॲलिसिन आणि थायामिन यांच्या संयोगातून सहज शोषले जाणारे एक संयुग तयार होते. त्याच धाग्याने १९५४ मध्ये 'ॲलिनामिन' हे औषध बाजारात आले, आणि पुढे थायामिनचे दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडून चरबीत विरघळणारे सल्ब्युटियामिन बनले. लसणाच्या ठेच्याशिवाय ज्यांचे जेवण पुढे सरकत नाही, त्या आम्हा खान्देशी माणसांना या इतिहासाचे कौतुक वाटेल. मात्र ठेच्याने बुद्धी तल्लख होते, असा अर्थ कोणी काढू नये.

फ्रान्समध्ये हे औषध 'आर्कॅलिऑन' या नावाने, मुख्यतः थकव्यासाठी, दिले गेले. उंदरांवरील काही प्रयोगांत स्मरणशक्तीवर परिणाम दिसला असला, तरी निरोगी, पोटभर जेवणाऱ्या तरुणाची स्मरणशक्ती त्याने वाढते, हे ठामपणे सिद्ध करणारा पुरावा नाही. मेंदूला ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी थायामिन लागते हे खरे. परंतु गरज भागल्यावर आणखी भर घातल्याने काम वेगाने होईलच, असे नाही. प्रौढ माणसाची रोजची गरज एक-दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते. ज्याच्या ताटात बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि शेंगदाणे नेहमी असतात, त्याला उणीव पडण्याचा संभव कमी. भाचा मात्र खोलीवर मॅगी आणि चहावर दिवस काढतो, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा प्रश्न तिथे आणि रात्रीच्या अपुऱ्या झोपेत आहे.

हे औषध अगदी निरुपद्रवी समजण्याचेही कारण नाही. द्विध्रुवी मनोविकार असलेल्या एका रुग्णाने ते प्रमाणाबाहेर घेतल्याने त्याच्या उपचारांत व्यत्यय आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. दीर्घकाळचे मद्यपान किंवा सतत होणाऱ्या उलट्या यांमुळे थायामिनची खरीखुरी कमतरता निर्माण होते, तेव्हा डॉक्टर बहुधा साधे थायामिनच देतात, आणि गंभीर अवस्थेत ते शिरेतून देतात.